न घेतलेली शपथ : संत थॉमस मोर यांचे जीवन

१ जुलै १९६० रोजी लंडनच्या ग्लोब नाट्यगृहात एका नव्या नाटकाचा पहिला प्रयोग झाला. ‘अ मॅन फॉर ऑल सीझन्स’ हे त्या नाटकाचे नाव. सर्व ऋतूंना पुरून उरणारा माणूस, असा त्याचा अर्थ सांगता येईल. नाटककार होते रॉबर्ट बोल्ट आणि नायकाची भूमिका केली होती पॉल स्कोफिल्ड या नामवंत नटाने. बरोबर ४२५ वर्षांपूर्वी याच तारखेला, म्हणजे १ जुलै १५३५ रोजी, वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये या नाटकाच्या खऱ्याखुऱ्या नायकाला देहदंडाची शिक्षा सुनावण्यात आली होती. तो नायक म्हणजे इंग्लंडचे लॉर्ड चॅन्सेलर, विद्वान, कुटुंबवत्सल पिता आणि आपल्या ख्रिस्तसभेचे रक्तसाक्षी संत थॉमस मोर.

लंडननंतर १९६१ साली हे नाटक न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर आले आणि तेथेही ते गाजले. १९६६ साली फ्रेड झिनेमन यांनी त्यावर काढलेल्या चित्रपटाला सहा ऑस्कर पारितोषिके मिळाली. चित्रपटकलेच्या शताब्दीनिमित्त १९९५ साली व्हॅटिकनने ४५ महत्त्वाच्या चित्रपटांची यादी प्रसिद्ध केली, तीत याही चित्रपटाचा समावेश होता. नवलाची गोष्ट अशी की, नाटककार बोल्ट हे कॅथलिक नव्हते. आपण खऱ्या अर्थाने ख्रिस्ती नाही, असे त्यांनीच नाटकाच्या प्रस्तावनेत नमूद केले आहे. श्रद्धा नसलेल्या एका लेखकाला चार शतकांपूर्वीच्या संताने एवढी भुरळ का घातली? या प्रश्नाचे उत्तर मोर यांच्या संपूर्ण जीवनात शोधावे लागते. नाटकात आपल्याला त्यांच्या आयुष्याची अखेरची काही वर्षेच दिसतात. त्याआधीच्या पन्नास वर्षांत त्या अखेरीची तयारी कशी झाली, ते येथे थोडक्यात पाहावे, असे आम्ही योजिले आहे.

बालपण आणि शिक्षण

थॉमस मोर यांचा जन्म लंडनमधील मिल्क स्ट्रीट येथे ७ फेब्रुवारी १४७८ रोजी झाला, असे सामान्यपणे मानले जाते. वडील जॉन मोर हे वकील होते. पुढे ते न्यायाधीश झाले. सेंट अँथनी शाळेत आरंभीचे शिक्षण झाल्यावर सुमारे बाराव्या वर्षी थॉमस यांना कँटरबरीचे आर्चबिशप जॉन मॉर्टन यांच्या वाड्यावर ठेवण्यात आले. मोठ्यांच्या घरी राहून सेवा करावी आणि रीतिरिवाज शिकावेत, अशी त्या काळची पद्धत होती. नाताळच्या दिवसांत त्या वाड्यात नाटके होत. नाटक रंगात आले असता हा मुलगा एकाएकी नटांमध्ये शिरे आणि ऐनवेळी स्वतःची भूमिका रचून अशी वठवी की, प्रेक्षक मूळ नटांना विसरून त्याच्याकडेच पाहत राहत. पुढे ज्याच्या जीवनावर जगप्रसिद्ध नाटक लिहिले गेले, त्याची रंगभूमीशी पहिली ओळख ही अशी!

आर्चबिशप मॉर्टन यांनी त्यांना ऑक्सफर्डला धाडले. तेथे सुमारे दोन वर्षे शिकल्यावर वडिलांच्या इच्छेनुसार ते कायद्याकडे वळले आणि १४९६ साली ‘लिंकन्स इन’ या वकिलांच्या संस्थेत दाखल झाले. तथापि तरुण थॉमस यांच्या मनात वेगळीच ओढ होती. लंडनमधील कार्थुसियन मठाच्या सान्निध्यात राहून त्यांनी सुमारे चार वर्षे प्रार्थना, उपास आणि चिंतन यांत घालविली. दिवसा वकिली आणि उरलेला वेळ मठाच्या सावलीत, असा त्यांचा क्रम होता. आपल्याला संन्यस्त जीवनाचे पाचारण आहे की संसाराचे, याचा ते शोध घेत होते. अखेर त्यांनी विवाहाचा निर्णय घेतला. परंतु मठात अंगवळणी पडलेल्या गोष्टी त्यांनी सोडल्या नाहीत. पहाटे उठून प्रार्थना करणे आणि राजदरबारी वस्त्रांच्या आत अंगाला बोचणारे खरखरीत केसांचे वस्त्र घालणे, हे त्यांनी आयुष्यभर चालू ठेवले. त्या वस्त्राची माहिती घरात फारच थोड्यांना होती.

घर हीच शाळा

१५०५ च्या सुमारास त्यांचा विवाह जेन कोल्ट हिच्याशी झाला. मार्गारेट, एलिझाबेथ, सिसिली आणि जॉन अशी चार मुले त्यांना झाली. (नाटकात मार्गारेट ही एकच मुलगी दाखविली आहे.) १५११ साली जेनचे निधन झाले. चार लहानग्यांचा सांभाळ करायला कोणी तरी हवे म्हणून मोर यांनी लवकरच ॲलिस मिडलटन या विधवा स्त्रीशी विवाह केला. ॲलिसबाई फटकळ, व्यवहारदक्ष आणि मनाने प्रेमळ होत्या. त्यांनी सावत्र मुलांना पोटच्या मुलांसारखे वाढविले.

मुलगे शिकत आणि मुली घरकाम करीत, अशा त्या काळात मोर यांनी आपल्या मुलींना मुलाच्या बरोबरीने लॅटिन, ग्रीक आणि तत्त्वज्ञान शिकविले. थोरली मार्गारेट तर विदुषी म्हणून युरोपात ओळखली जाऊ लागली. इरॅस्मस या थोर पंडिताने प्रभूच्या प्रार्थनेवर लिहिलेल्या लॅटिन ग्रंथाचे तिने इंग्रजीत भाषांतर केले. हाच इरॅस्मस मोर यांचा जिवलग मित्र होता आणि आपला मूर्खपणाच्या स्तुतीचा विनोदी ग्रंथ त्याने मोर यांच्याच घरी पाहुणा असताना लिहिला.

पुढे मोर कुटुंब थेम्स नदीकाठी चेल्सी येथे राहावयास गेले. त्या घरात मुले, जावई, नातवंडे, नोकरचाकर आणि पाळीव प्राणी यांची गजबज असे. एक माकडही होते. जेवणाच्या वेळी धर्मग्रंथाचे वाचन होई, त्यानंतर हास्यविनोद. रात्री सारे घर प्रार्थनेला एकत्र येई. चेल्सीच्या चर्चमध्ये मोर स्वतः गायकवृंदात उभे राहून गात असत. ते लॉर्ड चॅन्सेलर असताना एकदा ड्यूक ऑफ नॉरफोक त्यांच्याकडे जेवायला आले. एवढा मोठा अधिकारी चर्चमधील झगा घालून गाताना पाहून ड्यूकसाहेबांना ते कमीपणाचे वाटले. मोर यांना मात्र त्यात काहीच वावगे वाटले नाही. आपण ज्याची सेवा करतो तो आपल्या राजाचाही स्वामी आहे, तेव्हा राजाला याचा राग येण्याचे कारण नाही, अशा आशयाचे उत्तर त्यांनी हसत दिले.

दरबाराची पायरी

शहाण्या माणसाने राजाच्या नोकरीत शिरावे की नाही? हा प्रश्न मोर यांना फार दिवस छळत होता. १५१६ साली लूव्हेन येथे प्रसिद्ध झालेल्या ‘युटोपिया’ या त्यांच्या लॅटिन ग्रंथाच्या पहिल्या भागात याच प्रश्नाची चर्चा आहे. कालिकतमार्गे पोर्तुगीज जहाजातून परतलेला एक काल्पनिक प्रवासी तेथे म्हणतो की, राजांना खरा सल्ला नकोच असतो. मोर त्याला सुचवितात की, दुष्टपणा मुळापासून उपटता आला नाही तरी जनहिताचे काम सोडून देऊ नये; जेवढे वाईट टाळता येईल तेवढे टाळावे. ग्रंथात या वादाचा निकाल लागत नाही. मोर यांनी तो स्वतःच्या जीवनात लावला. लवकरच ते आठव्या हेन्री राजाच्या सल्लागार मंडळात दाखल झाले.

हेन्री तेव्हा तरुण, बुद्धिमान आणि धर्मनिष्ठ होता. मोर यांच्या गप्पा त्याला इतक्या आवडत की, त्यांना घरी जायला सवड मिळेना. १५२१ साली मोर यांना ‘सर’ हा किताब मिळाला. १५२३ साली ते कनिष्ठ सभागृहाचे सभापती झाले. सभासदांना आपले मत निर्भयपणे मांडता यावे, अशी विनंती त्यांनी राजाला केली. संसदेच्या इतिहासात भाषणस्वातंत्र्याची ही पहिली नोंदलेली मागणी मानली जाते.

राजा कधी कधी न कळविता चेल्सीला येई आणि मोर यांच्या गळ्यात हात टाकून बागेत फेऱ्या मारी. जावई विल्यम रोपर यांना याचे मोठे कौतुक वाटले. मोर मात्र भुलले नव्हते. आपल्या डोक्याच्या मोबदल्यात फ्रान्समधला एखादा किल्ला मिळणार असेल तर राजा ते डोके द्यायला मागेपुढे पाहणार नाही, असे त्यांनी जावयाला बजावले.

ऑक्टोबर १५२९ मध्ये कार्डिनल वूल्झी यांना पदच्युत करून राजाने मोर यांना लॉर्ड चॅन्सेलर केले. राजमुद्रा सांभाळणारे आणि न्यायदान करणारे हे राज्यातील सर्वोच्च पदांपैकी एक होते. त्यांच्या न्यायदानाच्या अनेक आठवणी रोपर यांनी लिहून ठेविल्या आहेत. एका पक्षकार बाईने नववर्षाची भेट म्हणून हातमोज्यांचा जोड पाठविला. आत ४० पौंड होते. मोर यांनी हातमोजे ठेवून घेतले आणि पैसे परत केले. स्वतःच्या एका जावयाने आपल्यालाच अनुकूल निकाल मिळेल या भरवशावर तडजोड नाकारली, तेव्हा मोर यांनी त्याच्या विरुद्ध निकाल दिला. वडील जॉन मोर हे दुसऱ्या न्यायालयात न्यायाधीश होते. चॅन्सेलरसाहेब आपल्या न्यायासनाकडे जाण्यापूर्वी भर सभागृहात वृद्ध वडिलांपुढे गुडघे टेकून आशीर्वाद घेत.

या कालखंडाची दुसरी बाजूही आपण झाकून ठेवू नये. मार्टिन ल्यूथर आणि विल्यम टिंडल यांच्या विरोधात मोर यांनी अत्यंत जहाल भाषेत लिखाण केले. त्यांच्या चॅन्सेलरपदाच्या काळात सहा जणांना पाखंडाच्या आरोपावरून जिवंत जाळण्यात आले आणि त्यांतील काहींच्या प्रकरणांत मोर यांचा प्रत्यक्ष हात होता. विवेकासाठी स्वतः प्राण देणाऱ्या या माणसाला दुसऱ्याच्या विवेकाचा तोच हक्क मान्य करता आला नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनीही पुढे मोर यांचा गौरव करताना, पाखंडी ठरविलेल्यांशी वागताना त्यांना आपल्या काळाच्या मर्यादा ओलांडता आल्या नाहीत, हे मान्य केले आहे. संत हे निर्दोष पुतळे नसतात, याची जाणीव ठेवूनच आपण त्यांच्याकडे पाहिले पाहिजे.

राजाचा प्रश्न

हेन्रीचा विवाह १५०९ साली ॲरागॉनची राजकन्या कॅथरिन हिच्याशी झाला होता. कॅथरिन ही त्याच्या दिवंगत भावाची, आर्थरची विधवा. त्यासाठी पोप ज्यूलियस दुसरे यांची खास परवानगी घेण्यात आली होती. या दांपत्याची मेरी ही एकच मुलगी जगली. राजाला मुलगा हवा होता आणि त्याचे मन ॲन बुलीन हिच्यावर जडले होते. भावाच्या बायकोशी झालेला आपला विवाह मुळातच रद्दबातल आहे, असे पोप क्लेमेंट सातवे यांनी जाहीर करावे, म्हणून त्याने आकाशपाताळ एक केले. कॅथरिनचा भाचा म्हणजे सम्राट पाचवा चार्ल्स. त्याच्या सैन्याने १५२७ साली रोम लुटले होते. निकाल लांबत गेला. तेव्हा रोमशी नातेच तोडून इंग्लंडमधील ख्रिस्तसभेचे प्रमुखपद स्वतःकडे घ्यावे, असा मार्ग राजाला सुचविण्यात आला.

यातील दैवदुर्विलास पाहा. १५२१ साली याच हेन्रीने सात साक्रामेंतांच्या समर्थनार्थ ल्यूथरविरुद्ध ग्रंथ लिहिला होता आणि पोप लिओ दहावे यांनी त्याला ‘श्रद्धेचा संरक्षक’ ही पदवी दिली होती. त्या ग्रंथात पोपच्या अधिकाराविषयी जरा जपून लिहावे, असा सल्ला तेव्हा मोर यांनीच दिला होता. राजाने तो मानला नाही. आता राजाने ती भूमिका सोडली होती, आणि मोर मात्र दरम्यानच्या वर्षांत अभ्यास करून याच निष्कर्षाला आले होते की, ख्रिस्तसभेची एकता पेत्राच्या वारसावाचून टिकत नाही.

विवाहाच्या प्रश्नावर आपण राजाशी सहमत होऊ शकत नाही, हे मोर यांनी त्याला खाजगीत सांगितले होते. त्यांच्यावर सक्ती करणार नाही, असे आश्वासन राजाने दिले होते. परंतु १५ मे १५३२ रोजी इंग्लंडच्या धर्मगुरुवर्गाने दडपणाखाली राजापुढे शरणागती पत्करली. दुसऱ्याच दिवशी मोर यांनी राजमुद्रा परत केली. प्रकृतीचे कारण पुढे केले गेले, पण खरे कारण सर्वांनाच ठाऊक होते.

राजीनाम्यामुळे उत्पन्न एकदम घटले. मोर यांनी मुलाबाळांना एकत्र बसवून हिशेब मांडला. आता खर्च एकेक पायरीने कमी करीत जाऊ; तेही जमले नाही तर झोळी घेऊन दारोदार प्रार्थनागीते म्हणत हिंडू, पण सर्व जण एकत्र आणि आनंदात राहू, असे त्यांनी विनोदाने सांगितले. ख्रिस्तसभेच्या बाजूने केलेल्या लिखाणाबद्दल बिशपांनी मोठी रक्कम गोळा करून देऊ केली होती. तिच्यातला एक पैसाही त्यांनी घेतला नाही.

शपथ

१५३३ च्या जानेवारीत राजाने ॲन बुलीनशी गुपचूप विवाह केला. १ जून रोजी तिचा राज्याभिषेक झाला. समारंभासाठी नवा झगा शिवून घ्यावा म्हणून काही बिशप मित्रांनी मोर यांना २० पौंड पाठविले. पैसे घेऊन मोर घरीच राहिले. राजाला हे झोंबले.

१५३४ साली वारसा हक्काचा कायदा झाला. ॲनच्या मुलांना गादीचे वारस मानण्याची शपथ प्रजेने घ्यावयाची होती. पण त्या शपथेच्या शब्दांत कॅथरिनशी झालेला विवाह अवैध ठरविणे आणि पोपचा अधिकार झुगारणे हेही गोवलेले होते. १३ एप्रिल रोजी मोर यांना लॅम्बेथ वाड्यात बोलावले गेले. त्या दिवशी तेथे बोलाविलेले ते एकटेच प्रापंचिक होते, बाकी सारे लंडनचे धर्मगुरू. ज्या लॅम्बेथमध्ये लहानपणी त्यांनी नाटकांत भाग घेतला होता, तेथेच आता खिडकीतून त्यांना दिसत होते की, धर्मगुरू एकामागून एक शपथ घेऊन बाहेर पडत आहेत.

मोर यांनी कायदा आणि शपथ दोन्ही शांतपणे वाचून पाहिली. गादीवर कोणी बसावे हे ठरविण्याचा अधिकार संसदेला आहे, तेवढी शपथ घ्यायला आपण तयार आहोत, असे त्यांनी सांगितले. समोर ठेवलेली शपथ मात्र त्यांनी नाकारली, आणि का नाकारतो हेही सांगितले नाही. १७ एप्रिल रोजी त्यांची रवानगी टॉवरच्या तुरुंगात झाली.

येथे आम्हांला एका गोष्टीकडे वाचकांचे लक्ष मुद्दाम वेधावेसे वाटते. शपथ घेणाऱ्यांना मोर यांनी कधीही नावे ठेविली नाहीत. जे शपथ घेतात ते आपल्या विवेकाला स्मरून घेत असतील, त्यांचा न्याय करणारा मी कोण, हीच त्यांची भूमिका राहिली. त्यांच्या लाडक्या मार्गारेटनेही शपथ घेतली होती. देवाच्या नियमात बसेल तेवढ्यापुरतीच, अशी पुस्ती तिने जोडली होती. तुरुंगात येऊन तिने वडिलांना परोपरीने विनविले. आदामाला फळ देणाऱ्या हव्वेशी त्यांनी तिची थट्टेने तुलना केली, पण तिच्यावर ते रागावले नाहीत. शपथ म्हणजे आपल्या शब्दाला परमेश्वराला साक्षी ठेवणे. जे खोटे आहे असे मनोमन पटले आहे त्याला देवाची साक्ष कशी काढावी, एवढाच त्यांच्यापुढचा प्रश्न होता. इतर सर्वांनी काय केले याने त्याचे उत्तर बदलणार नव्हते.

टॉवरमधील दिवस

तुरुंगवास सुमारे १५ महिने चालला. कैद्याच्या आणि त्याच्या नोकराच्या जेवणखाणासाठी आठवड्याला १५ शिलिंग भरावे लागत. ते भागविण्यासाठी ॲलिसबाईंवर आपली वस्त्रे विकण्याची पाळी आली. नवऱ्याचा हट्ट त्यांना समजत नव्हता, तरी त्यांनी त्याला टाकले नाही. या काळात मोर यांनी संकटकाळी लाभणाऱ्या सांत्वनाविषयी एक ग्रंथ लिहिला आणि गेथशेमनी बागेतील प्रभू येशूच्या दुःखावर चिंतन लिहावयास घेतले. मोर यांना मरणाची भीती वाटत होती, हे त्यांनी लपविले नाही. प्रभूलाही बागेत भीती वाटली होती, यातच त्यांनी आधार शोधला. आपण होऊन मरणाला मिठी मारण्याइतके बळ आपल्यात आहे असे त्यांनी कधी मानले नाही. म्हणूनच कायद्याच्या मर्यादेत राहून, मौन पाळून, जगण्याची प्रत्येक वाट त्यांनी प्रामाणिकपणे चोखाळून पाहिली.

नव्या कायद्याने राजाला इंग्लंडमधील ख्रिस्तसभेचा प्रमुख ठरविले आणि त्याची ती पदवी शब्दांनी नाकारणे हा राजद्रोह ठरला. ४ मे १५३५ रोजी कार्थुसियन मठप्रमुखांना वधस्तंभाकडे नेले गेले. तुरुंगाच्या खिडकीतून मोर आणि मार्गारेट यांनी ते दृश्य पाहिले. लग्नाला निघालेल्या वरांसारखे ते प्रसन्न दिसत होते. ज्या मठाच्या सावलीत मोर यांनी तारुण्याची चार वर्षे काढली, त्याचे प्रमुख जॉन हॉटन त्यांच्यात होते. २२ जून रोजी रॉचेस्टरचे बिशप जॉन फिशर यांचाही शिरच्छेद झाला. एका महिन्यापूर्वीच पोप पॉल तिसरे यांनी त्यांना कार्डिनल नेमले होते.

खटला आणि बलिदान

१ जुलै रोजी मोर न्यायासनापुढे उभे राहिले. न्यायाधीशांमध्ये ॲन बुलीनचे वडील, भाऊ आणि मामा होते. तुरुंगवासाने खंगलेल्या या वकिलाने आपली बाजू स्वतःच मांडली. मौन हा गुन्हा होत नाही. उलट, कायद्याच्या जुन्या तत्त्वानुसार मौन म्हणजे संमती समजली जाते, हा त्यांचा युक्तिवाद खोडणे कठीण होते. तेव्हा सॉलिसिटर जनरल रिचर्ड रिच साक्षीला उभा राहिला. तुरुंगातून पुस्तके जप्त करण्याच्या वेळी झालेल्या संभाषणात मोर यांनी राजाचे प्रमुखपद नाकारले, असे त्याने सांगितले. मोर यांनी ते साफ नाकारले. इतके महिने राजाच्या मंत्र्यांपुढे जे उच्चारले नाही ते अशा माणसाजवळ कसे बोलेन, असा त्यांचा सवाल होता. जूरीने पाव तासात त्यांना दोषी ठरविले. रिच पुढे स्वतः लॉर्ड चॅन्सेलर झाला.

निकाल लागल्यावर मात्र मौनाचे प्रयोजन संपले होते. तेव्हा मोर मोकळेपणाने बोलले. एका देशाची संसद सबंध ख्रिस्तसभेच्या नियमाविरुद्ध कायदा करू शकत नाही, हे त्यांनी स्पष्ट केले. शेवटी, स्तेफनाच्या हत्येला संमती देणारा पौल आज स्वर्गात त्याच्यासोबत आहे, तशीच आपली आणि आपल्या न्यायाधीशांची तेथे आनंदाने भेट व्हावी, अशी इच्छा त्यांनी व्यक्त केली.

टॉवरकडे परतताना मार्गारेट पहारेकऱ्यांची फळी तोडून धावत आली आणि सर्वांदेखत वडिलांच्या गळ्यात पडली. दूर गेल्यावर तिला राहवेना. ती पुन्हा परतली आणि पुन्हा त्यांना बिलगली. मरणाच्या आदल्या दिवशी मोर यांनी कोळशाने लिहिलेले शेवटचे पत्र आणि ते केसांचे वस्त्र तिच्याकडेच पाठविले.

६ जुलै १५३५ च्या सकाळी टॉवर हिलवर त्यांना नेण्यात आले. वधमंच डगमगत होता. वर चढायला त्यांनी अधिकाऱ्याचा हात मागितला आणि उतरताना आपले आपण पाहू, असा विनोद केला. फार बोलू नये असा राजाचा निरोप होता, तोही त्यांनी पाळला. लोकांकडे प्रार्थना मागितली, आपण कॅथलिक श्रद्धेत मरत आहोत हे सांगितले आणि राजाविषयी आपली निष्ठा कायम असली तरी परमेश्वराचा हक्क पहिला आहे, एवढेच सूचित केले. एक्कावन्नावे स्तोत्र म्हणून त्यांनी वध करणाऱ्याचे चुंबन घेतले. घाव घालताना त्यांचे वय होते ५७ वर्षे.

त्यांचे मस्तक लंडन ब्रिजवर टांगण्यात आले होते. सुमारे महिन्याभराने मार्गारेटने ते मिळविले. कँटरबरीच्या सेंट डन्स्टन चर्चमधील रोपर कुटुंबाच्या दफनघरात ते विसावले आहे.

नाटककाराची सही

आता पुन्हा नाटकाकडे वळू. बोल्ट यांनी नाटकात ‘सामान्य माणूस’ नावाचे एक पात्र योजले आहे. आपल्या रंगभूमीवरील सूत्रधारासारखे ते प्रेक्षकांशी बोलते आणि वेष बदलून मोर यांचा नोकर, नावाडी, तुरुंगाचा रखवालदार, जूरीचा प्रमुख आणि अखेर वध करणाराही होते. अन्याय राजे लोक एकटे करीत नाहीत. पोटापाण्यापुरते डोळे मिटून घेणारे आपल्यासारखे लोकही त्याला हातभार लावीत असतात, हे त्यातून प्रेक्षकाला कळते.

नाटककारावरही तशीच वेळ आली. १९६१ साली अण्वस्त्रविरोधी आंदोलनात चांगल्या वर्तणुकीची हमी देण्यास नकार दिल्यामुळे बोल्ट यांना एक महिन्याची कैद झाली. त्या वेळी ते ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ या चित्रपटाची पटकथा लिहीत होते. त्यांच्यावाचून काम अडले. शेकडो लोकांची रोजी बुडेल, असे निर्मात्याने त्यांच्या गळी उतरविले. बोल्ट यांनी हमीपत्रावर सही केली आणि ते सुटले. त्या सहीची खंत त्यांना पुढे आयुष्यभर वाटत राहिली. शपथ न घेणाऱ्या माणसावर नाटक लिहिणाऱ्याला स्वतःला सही करावी लागली, हे वाचून त्यांना हसण्याचा मोह आपण आवरावा. मोर असते तर त्यांनी बोल्ट यांना दोष दिला नसता. सही किती सोपी असते आणि मागाहून किती जड होते, याचा हा अनुभव आपल्यापैकी अनेकांच्या गाठी असेल.

आपल्यासाठी

पोप लिओ तेरावे यांनी १८८६ साली थॉमस मोर यांना धन्यवादित घोषित केले. १९ मे १९३५ रोजी पोप पायस अकरावे यांनी त्यांना जॉन फिशर यांच्यासह संतपद बहाल केले. २२ जून हा दोघांचा सण. अँग्लिकन बांधवांच्या पंचांगातही आता या दोघांचे स्मरण केले जाते, हे विशेष. ३१ ऑक्टोबर २००० रोजी, महाज्युबिली वर्षात, पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना राज्यकर्ते व राजकारणी यांचे आश्रयदाते संत म्हणून जाहीर केले.

मराठी ख्रिस्ती माणसाचे या इतिहासाशी एक दूरचे नातेही आहे. मोर यांच्या मृत्यूनंतर चौदा वर्षांनी इंग्लंडमध्ये थॉमस स्टीफन्स जन्मले. कॅथलिक श्रद्धेने राहणे तेथे धोक्याचे झाले होते. ते रोमला जाऊन येशूसंघात दाखल झाले, १५७९ साली गोव्यात आले आणि आपल्या मराठीला त्यांनी ‘ख्रिस्तपुराण’ दिले. १६१६ साली राचोल येथे ते छापले गेले.

आपल्यापुढे वधमंच नाही. परंतु बाप्तिस्म्याच्या वेळी आपल्या वतीने वचने दिली गेली आहेत, वेदीपुढे आपण एकमेकांना शब्द दिला आहे, आणि ग्रामपंचायतीत, बँकेत, कचेरीत, न्यायालयात आपण रोज कुठे ना कुठे सही करीत असतो. खोट्या दाखल्यावर, फुगविलेल्या हिशेबावर, शेजाऱ्याची जमीन बळकावणाऱ्या कागदावर सही करताना सगळेच करतात हे उत्तर ओठांवर येते. लॅम्बेथच्या खिडकीतही सगळेच करीत होते. त्यांच्यावर राग न धरता, स्वतःपुरते नाही म्हणण्याचे बळ मोर यांना एका दिवसात आले नव्हते. पहाटेची प्रार्थना, घरातील एकत्र वाचन, परत केलेले ४० पौंड आणि वडिलांपुढे टेकलेले गुडघे यांतून ते वर्षानुवर्षे साठत गेले होते.

येत्या २२ जून रोजी मिस्साबलिदानात सहभागी होताना आपल्या लोकप्रतिनिधींसाठी, सरकारी सेवेतील आपल्या बंधुभगिनींसाठी, आणि ज्यांनी कधी नाइलाजाने सही केली व अजून बेचैन आहेत अशा सर्वांसाठी आपण प्रार्थना करू या. संत थॉमस मोर, आम्हांसाठी विनंती कर.